शिवलीलाक्कांचा डंक आणि माझा प्रॉम्प्ट

कसबा बावड्यात शिवलीलाक्कांचा डंक कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही. फाल्गुन लागला की ज्या दिशेने शिंका येतील त्या दिशेने चालत राहायचं. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं वर जातात, खाली आदळतात आणि पिशवीभर मिरचीची वर्षभराची चटणी होते. बाकीचा महाराष्ट्र जिला कांदा-लसूण मसाला म्हणतो, तिला आम्ही चटणी म्हणतो आणि त्यावर वाद घालत नाही.

अक्का मूळच्या नेसरीच्या. लग्न होऊन बावड्यात आल्या तेव्हा सासरे रुद्रय्या डंक चालवायचे. सासऱ्यांचे गुडघे गेले, नवऱ्याचं सगळं लक्ष उसात, म्हणून डंक अक्कांकडे आला, तो तीस वर्षं झाली तरी त्यांच्याकडेच आहे. घर लिंगायताचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पण कुणाच्या तांबड्या रश्श्याला किती जाळ लागतो आणि कुणाचा तवंग कसा दिसला पाहिजे, हे त्यांना न चाखता कळतं. चिमूटभर बोटांत चोळतात, वास घेतात आणि सांगतात, "खोबरं कमी भाजलंय ह्ये. सा म्हयन्यात वास मारंल." सहसा मारतोच.

डंकावर विकत मिळेल अशी चटणी नसते. ज्याने त्याने आपली मिरची, आपलं खोबरं, लसूण, धणे घेऊन यायचं. घरातली एक बाई डंकाजवळ स्टुलावर नाकाला पदर लावून बसते, आपल्यात दुसऱ्याची मिसळू नये म्हणून. ब्याडगी मिरची किती, लवंगी किती, तीळ घालायचे की नाही, हे ज्या त्या घराचं प्रमाण. ते सासू सुनेला सांगते, तेही सून टिकेल अशी खात्री पटल्यावर. अक्कांना मात्र शे-सव्वाशे घरांचं प्रमाण पाठ आहे आणि एका घरचं दुसऱ्या घरी त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचा धंदा मुसळांवर कमी आणि या गप्प बसण्यावर जास्त चालतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलंच.

मी सयाजी. पंधरा वर्षं फ्लेक्सचे मजकूर लिहिले. कोल्हापूरच्या चौकाचौकांत वाढदिवसाचे जे बोर्ड लागायचे, त्यांतले निम्मे 'धडाडीचे', 'तडफदार' आणि 'आधारवड' माझ्या हातचे. ज्या गृहस्थाला घरात बायको चहा विचारत नव्हती, त्याला मी जनतेच्या हृदयसिंहासनावर बसवलंय. पुढे एआय आलं. मी तीन दिवसांचं ऑनलाइन शिबिर केलं, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं आणि दुकानाची पाटी बदलली. 'वेबसाइट मजकूर व प्रॉम्प्ट तज्ज्ञ'. तज्ज्ञ हा शब्द सवयीनेच पडला.

अक्कांचा मुलगा अमरेश पुण्याला नोकरी करतो. हायवेला मोठी नवी कांडप गिरणी झाली, तिची जाहिरात फोनवर दिसू लागली आणि बावड्यातल्या नव्या वसाहतींतल्या बायका तिकडे वळू लागल्या, तेव्हा त्याने आईच्या मागे लागून वेबसाइटचं ठरवलं. हंगाम अडीच महिन्यांचा. तेवढ्यात डंक चालला नाही तर वर्ष गेलंच. अक्कांनी मला बोलावून सांगितलं, "बाया फोन करून इचारत्यात, कवा येऊ, काय काय आणू. तेवढं लिवा. लई शाणपणा नगो."

मी शहाणपणाच केला. एआयला दिलेला तो प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, मी अजून जपून ठेवलाय. फार अंगात आलं की काढून वाचतो. "तू महाराष्ट्रातील सर्वश्रेष्ठ शब्दप्रभू आहेस. करवीरनगरीतील एका भव्यदिव्य मसाला उद्योगसमूहाच्या वेबसाइटसाठी काळजाला भिडणारा, भारदस्त मजकूर लिही. परंपरा, वारसा, घराणी, गुपित हे शब्द आलेच पाहिजेत. शेकडो घरांची प्रमाणं मालकिणीला पाठ आहेत, याचा खुबीने वापर कर." डंकाचा पत्ता नाही, वेळ नाही, काय आणायचं ते नाही. लग्नाच्या आचाऱ्याला किती पानं उठणार ते न सांगता नुसतं 'फक्कड करा' म्हणावं, त्यातला प्रकार.

बिचाऱ्याने केलं की फक्कड! "शेकडो कोल्हापुरी घराण्यांच्या गुप्त पाककृती, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या, आता आपल्या दारी!" वाचून माझेच डोळे पाणावले. अक्कांना काही दाखवलं नाही. मजकूर मालकाला दाखवला की तो त्यात मेव्हण्याचा फोटो घालायला लावतो, म्हणून न दाखवता छापून मोकळं व्हायचं, ही माझी फ्लेक्सच्या काळातली शिस्त.

सोमवारी पान चढवलं. मंगळवारी सकाळी शाबासकी घ्यायला डंकावर गेलो. तेवढ्यात अंबूबाई आल्या. अंबूबाई म्हणजे तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. बावड्यात त्या ज्या डंकावर जातील, त्या डंकावर गट जातो. तीन पिशव्या मिरची त्यांनी आदल्या दिवशीच डंकावर आणून ठेवली होती. आता हातात सुनेचा फोन होता.

"शिवलीला, माझं प्रमाण कुणाला इकलंस?"

अक्कांनी फोन घेतला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "न्हाय ओ अंबूबाई. मी कुणाला एक शबुद..."

"मग ह्ये काय हाय? म्हणं आपल्या दारी! माझ्या सासूनं मरताना कानात सांगितलेलं प्रमाण, त्ये आता कुणाच्या दारी?"

पिशव्या उचलून त्या निघून गेल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पान मी दहा मिनिटांत उतरवलं, पण तोवर ते गटातल्या सगळ्या बायकांच्या फोनवर पोचलं होतं. बुधवारी डंकावर कुणी नाही. गुरुवारी एक जण आला, तो रस्ता विचारायला. ऐन फाल्गुनात बावड्यात कुणाला शिंक येईना. संध्याकाळी घरी आलो तर बायको वर्षाराणी मिरचीची पिशवी बांधत होती.

"कुठं निघालीस?"

"सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला, म्हायेरला. तिथल्या डंकावर कांडून आणतो."

"आणि अक्का?"

"अक्कांचं काय न्हाय ओ. पर माझ्या आईचं प्रमाण हाय ते. उद्या तुम्ही त्येबी वेबसाइटवर घालशीला."

बायको जन्मभर टोमणे मारत आली आहे आणि मी ते परतवत आलोय. या वेळी मात्र मला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी पडेल चेहऱ्याने डंकावर गेलो. वाटलं होतं, अक्का फाडून खातील. त्या थंड डंकाशेजारी, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"धंदा बसला तर दुसरं काय तर बघंन मी," त्या म्हणाल्या. "पर तीस वर्सं तोंड मिटून बसलो, आन्‌ आता बाया म्हणत्यात अक्कानं इकलं. ह्ये न्हाय सोसत." त्यांनी डोळे पुसले. मिरची नव्हती, त्यामुळे मिरचीवर ढकलायची सोयही नव्हती.

मग म्हणाल्या, "त्या मशीनला तुम्ही काय सांगितलासा, त्ये वाचा बघू."

मी वाचलं. भव्यदिव्य हा शब्द इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात उच्चारला नव्हता.

"ह्यात माझा डंक कुठं हाय?"

"नाही."

"गिऱ्हाईक आलं की मी आदी इचारतो. खाणारी किती, ल्हान पोरं हाईत का, म्हाताऱ्याला तिखट सोसतंय का, वरीसभर ठेवायची का चार म्हयनं. एवढं कळल्याबगर मुसळ सोडत न्हाय. तुम्ही त्येला काय बी न सांगता कांडाय लावलासा. मग त्ये मिळंल त्येच कांडणार की."

शिबिरात तीन दिवस हेच शिकवत होते. मी तेव्हा प्रमाणपत्रावर माझं नाव नीट छापतील ना, या काळजीत होतो.

मग त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो. पान कोण वाचणार, त्या बायका फोनवर काय विचारतात, काय वाळवून आणायचं, काय भाजून आणायचं, किती वेळ बसावं लागतं आणि डंकावर काय मिळत नाही. शेवटी म्हणाल्या, "आन्‌ त्येला सांगा, ठावं नसंल त्ये मनानं घालू नगो. इचार म्हणावं." मी तसं लिहिलं. एआयने सात प्रश्न विचारले. तुम्ही स्वतःचा मसाला विकता का? "न्हाय." ग्राहकांची प्रमाणं नोंदवून ठेवता का? त्यावर अक्का फोनकडे वाकून, त्याला ऐकू जावं अशा बेताने मोठ्याने म्हणाल्या, "न्हाय बाबा. डोक्यात ऱ्हातंय, आन्‌ तिथनं भायेर येत न्हाय."

नवं पान एवढंसं झालं. पत्ता, वेळ, सामानाची यादी आणि खाली दोन ओळी. 'तुमचं प्रमाण तुमच्यापाशीच राहील. डंकाजवळ बसा आणि डोळ्यांसमोर कांडून न्या.' एक विशेषण घालायला माझे हात शिवशिवत होते, पण अक्का शेजारी बसल्या होत्या.

"आता ह्ये अंबूबाईस्नी वाचून दावायचं," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"मग काय मी जाऊ व्हय?"

अंबूबाईंच्या घरी सोप्यात उभं राहून मी पान वाचलं आणि सांगितलं, की आधीचं सगळं माझं डोकं होतं, अक्कांनी मला कुणाच्या घरचा एक शब्दही सांगितलेला नाही.

"कशावरनं?" अंबूबाई म्हणाल्या. "माझी ब्याडगी किती असतीया?"

"ठाऊक नाही."

"मी तीळ घालतो का न्हाय?"

"ठाऊक नाही."

"बरं, तुझ्या बायकूची लवंगी किती असतीया, त्ये तर सांग."

बावीस वर्षं दोन्ही वेळेला ती चटणी खातोय. "तेही ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही."

अंबूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आतल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "शिवलीलानं काय सांगितल्यालं न्हाय गं. ह्येला कायसुदीक ठावं न्हाय!" माझ्याविषयी इतका नेमका मजकूर आजवर कुणी लिहिलेला नाही. "उचल त्या पिशव्या," त्या मला म्हणाल्या.

तीन पिशव्या मिरची खांद्यावर घेऊन, शिंकत, भर बावड्यातून मी निघालो. पुढे अंबूबाई. दारादारांत बायका उभ्या राहून बघत होत्या. डंकावर पोचलो तेव्हा अक्का उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. अंबूबाई स्टुलावर बसल्या, नाकाला पदर लावला आणि अक्कांना कान जवळ आणायची खूण केली. मग दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"सयाजीराव," अक्का म्हणाल्या, "तुम्ही जरा भायेर व्हा."

मी बाहेर झालो. आतून कडी लागली आणि डंक सुरू झाला.