खसब ते सोहार, बोटभर अंतर

नकाशावर बघा, खसब आणि सोहार यांच्यात बोटभर अंतर. दोन्ही ओमानच्या उत्तरेला, दोन्हीकडे विमानतळ. सरळ उडालं तर अर्ध्या-पाऊण तासात पोचावं. पण या दोघांमध्ये विमानच नव्हतं हो. खसबहून उडायचं ते मस्कतला. रस्त्याने यावं तर मध्ये दुसरा देश आडवा, म्हणजे पासपोर्ट हवा.

आम्ही सोहारजवळ सहमला राहायचो. हे एका हॉटेलचे एसी बसवायला खसबला गेले होते. देशातल्या देशात रहिवासी कार्डावर भागतं, म्हणून पासपोर्ट घरीच. आमच्या ओळखीतले सगळे तसेच जायचे.

तिथे असतानाच एका सकाळी गावाहून वन्संचा फोन आला, मामंजी गेले. हे एकुलते एक मुलगे. अग्नी द्यायला यांनीच पोचायला हवं होतं.

यांचा पासपोर्ट पर्समध्ये घातला आणि शेजाऱ्यांच्या गाडीने मी मस्कतचा विमानतळ गाठला. हे दुपारी तिथे उतरणार, संध्याकाळी मुंबईचं विमान, सकाळी गाव. बर्फाच्या लाद्या आणून गाव थांबायला तयार झालं.

आणि खसबला वारा सुटला. डोंगरांच्या बेचक्यातला विमानतळ तो, तिथे उतरायला विमान धजेना, मस्कतहूनच निघेना. बोटही बंद. काउंटरवरची मुलगी मला दर वेळी इन्शाल्ला म्हणायची. बिचारी गोड बोलायची, पण माझा जीव टांगणीला.

गावातलं घड्याळ ओमानच्या दीड तास पुढे. तिथे दिवस कलायला लागलेला, आणि गावाकडे दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. हे येणार नसतील, तर ते उजेड असतानाच ठरायला हवं होतं. चुलतसासरे सारखे फोन करायचे.

"अगो, एवढोसो तो देश. ईमान आसा काय बैलगाडी?"

शेवटी फ्लाइट रद्द झाली. उद्याचंही कोणी खात्रीने सांगेना, आणि बर्फ तरी किती पुरणार? चुलतसासरे म्हणाले, माझा मुलगा देईल अग्नी. तेवढ्यात वन्संनी त्यांच्या हातून फोन घेतला. रडून घसा बसलेला, पण बोलणं ठाम.

"वहिनी, दादाक इचार. अग्नी मी देतंय."

मी लगेच यांना फोन लावला. वन्संचं म्हणणं सांगितलं. नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाले, "बाबा अंथरुणावर होते तेव्हा भरवलं कोणी? तिनेच ना? तीच देईल. काकांना सांग, मी म्हणतोय."

मी पुन्हा गावाला फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बायकांची कुजबुज चाललेली. बाईमाणूस स्मशानात जाणार म्हणजे गावात नवलच. मी फोन कानाला घट्ट धरून उभी.

मग चुलतसासऱ्यांचाच आवाज आला, माझ्याशी नाही, अंगणातल्या माणसांशी.

"चला, ऊन जाता. उचला. आणि इस्तवाचा मडका तिच्याकडे द्या."