कुंकू लावलेला माइक

आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, दातांची कवळी बसली आणि गावातल्या प्रार्थना मंदिराला नव्या टाइल्स बसल्या, त्या एकाच महिन्यात. घोटाळा तिथूनच सुरू झाला. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात सायंकाळच्या प्रार्थनेत मोठे बाबा खंजिरी घेऊन ओळ सांगतात आणि मंडळी मागून म्हणतात. मी शाळेत जायच्या आधीपासून हे असंच चाललं आहे. पण त्या महिन्यापासून मागून भलतीच ओळ यायला लागली. लोकांना त्यांचे शब्दच कळेनात. कोणीतरी म्हणालं, कवळीनं जीभ अडखळते. मोठ्या बाबांनी ते जिवाला लावून घेतलं आणि येत्या गुरुवारी खंजिरी दुसऱ्याच्या हाती देतो म्हणून सांगून टाकलं.

फोनवर हे ऐकलं तेव्हा मला आधी रागच आला. मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी पोरांकडून वर्षभर घोकून घेते. इथे बदलल्या होत्या दोन, आणि सगळ्यांनी मिळून कवळीलाच आरोपी केलं होतं. टाइल्सवर संशय घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण त्या सगळ्यांना फार आवडल्या होत्या.

रागामागून कुतूहल आलं, आणि ते माझ्या बाबतीत रागापेक्षा चिवट असतं. खोली किती घुमते हे मोजता येतं. फुगा फोडायचा आणि त्याचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. फोनचा स्वतःचा माइक मात्र या कामाचा नाही. तो फार मायाळू असतो, मोठा आवाज आला की दाबतो, बारीक आला की उचलून धरतो. म्हणून फोनला जोडायचा बोटाएवढा मोजणीचा माइक मी आधीच हौसेनं मागवून ठेवला होता. त्याच्यासोबत त्याच्या नंबरची एक फाइल येते, हा माइक कुठल्या सुरात कमी ऐकतो, कुठल्या सुरात जास्त, याची. माइकची जन्मपत्रिकाच म्हणा. ती ॲपमध्ये भरली. अमरावतीच्या मैत्रिणीकडून एक छोटा डबा उसना आणला. त्याच्या भोकात माइक खुपसला की तो चौऱ्याण्णव डेसिबलचा एकच सूर काढतो, आणि ॲपनं तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. खरं तर नुसतं घुमणं मोजायला एवढ्या काटेकोरपणाची गरज नसते. पण मोठ्या बाबांचा प्रश्न होता, आणि मला कोणी 'तुझं यंत्रच चुकलं' म्हणायला नको होतं.

रविवारी सकाळी गावी पोचले. ओसरीतल्या बाजेवर सगळं मांडलं, सूर लावला, चौऱ्याण्णव आलं. मग चहाला आत गेले.

दुपारी रिकाम्या मंदिरात पहिला फुगा फोडला. स्क्रीनवरची रेघ अशी काही आली की जणू कोणी उशीखाली फुगा फोडला होता. दुसरा फोडला, तेच. मी ॲप बंद करून सुरू केलं, फाइल पुन्हा भरली, वायर बदलली, उन्हाला दोष दिला. शेवटी डबा काढून माइक त्यात घातला, तर आकडा ऐंशीच्याही खाली. माइक उजेडात धरला. त्याच्या तोंडाची बारीक जाळी लालभडक झाली होती.

मी तशीच घरी आले आणि मोठ्या बाबांच्या बायकोला विचारलं, "मोठी आई, याले कुंकू कोनं लावलं?"

"मीनं," ती म्हणाली. "नवी वस्तू घरात आली, तिले हळद-कुंकू लावा लागते. तू शिकली-सवरली, तुले कसं समजत नाई?"

मला हसावं की रडावं कळेना. गेल्या वर्षी ट्रॅक्टरलाही तिनंच लावलं होतं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. मग तिनंच कवळी घासायचा कोरा ब्रश आणून दिला. माइक उलटा धरून मी जाळी अगदी हलक्या हातानं झटकत बसले. तिसऱ्या खेपेला आकडा परत चौऱ्याण्णववर आला, तेव्हा मोठी आई म्हणाली, "पाय, कुंकवानंच यश आलं." वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता.

आता मंदिरात फुगा फुटला तर आवाज तीन सेकंदांहून जास्त घुमत राहिला. एक शब्द भिंतींवर फिरतो आहे तोवर दुसरा येऊन त्याच्यावर चढत होता. मोठे बाबा दारात उभे राहून पाहत होते. मी म्हटलं, "आता फक्त खोली बदलायची. कवळी तशीच राहू द्या." घरोघरच्या गाद्या आणि गोधड्या घेऊन मंडळी आली. काही खाली अंथरल्या, काही खिडक्यांवर आणि मागच्या भिंतीला टांगल्या. मंदिराचं पार बिऱ्हाड झालं. पुन्हा फुगा. एक सेकंदाच्या जरा वर.

मग मोठे बाबा मधोमध बसले, खंजिरी घेतली आणि ओळ सांगितली. शब्द न् शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत स्वच्छ आला. मंडळींनी बरोबर तीच ओळ म्हटली, आणि माझा आनंद पोटात मावेना.

पण दुसऱ्या ओळीला आणखी एक गोष्ट ऐकू आली. त्यांचा आवाज कापत होता. इतके दिवस तो घुमण्यात झाकला गेला होता, आणि मी गोधड्या टांगून तो उघडा पाडला होता. ते थांबले. त्यांनाही ऐकू आलं होतं. मी फोनकडे बघत बसले, वर बघायची मला भीती वाटली.

"बाई, तुहं यंत्र खरं सांगते ना?"

"हो."

"मंग तू बी खरं सांग. माहा आवाज कापते का नाई?"

मी फोन खाली ठेवला. "कापते, मोठे बाबा."

"आन् समजते?"

"समजते. एकनएक शब्द."

त्यांनी खंजिरी मांडीवरून उचलली. "मंग कापू दे," म्हणाले, आणि पुढची ओळ सांगितली.