तीनदा धुतलेला गणवेश

एगोन ट्रानबेर्गचं वाळवंटाशी वैर होतं. वाळवंट त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं तो आमच्या लष्करी स्टोअरच्या काउंटरमागे उभा होता, आणि त्यातली बावीस वर्षं मी शेजारच्या टेबलावर. बाहेर बाराही महिने पाऊस, नाहीतर धुकं. पण अफगाणिस्तानात, हेलमंडला निघालेल्या प्रत्येक डॅनिश पोराला पाणी किती प्यायचं, बूट कसे आवळायचे, गॉगल कशाने पुसायचा नाही, हे एगोन असं सांगायचा की जणू कालच उंटावरून उतरलाय. पोरं त्याला ‘सासूबाई’ म्हणायची. तोंडावरच म्हणायची.

सासूबाईंचा नियम एकच. तिकडचा एक कणही माझ्या स्टोअरात येणार नाही. आता तिकडची ती धूळ म्हणजे वाळू नव्हेच, फुफाटा, मैद्यासारखा. तो रायफलीत जातो, घड्याळात जातो, पावात जातो. पन्नास डिग्रीत, अंगावर तीस-तीस किलोचं जाकीट-हेल्मेट वागवून सहा महिने काढलेली पोरं शेवटचा आठवडा दाताच्या ब्रशाने बूट घासत बसायची. का, तर इकडे एगोन पांढरा हातमोजा घालून बुटात बोटं खुपसणार म्हणून.

“एगोन, दोनदा घासलेत रे हे!”

“मग तिसऱ्यांदा जड जाणार नाही तुला.”

“तालिबानने सोडलं, पण सासूबाई काही सोडत नाहीत,” असं पुटपुटत पोर परत नळाखाली जायचं. मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

एगोनचा स्वतःचा असा एक शोध होता. मेण. प्रत्येक सॅकच्या प्रत्येक चेनवर तो मेणबत्तीचा तुकडा घासायचा. चेन कशी सरसर सरकते बघ, म्हणायचा. इथे सरकायचीच की, इथल्या गारठ्यात काय! तिकडून तक्रारी यायला लागल्या की उन्हाने मेण वितळतं, त्यात फुफाटा बसतो आणि चेनचं सिमेंट होतं. एक फॉर्म येप्पे नावाच्या पोराचा होता. त्याने लिहिलं होतं, ‘मेण बंद करा. बाजूच्या खिशात माझ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या अडकल्या आहेत, आधी त्या सोडवा.’ एगोनने त्यावर लाल शाईने उत्तर लिहून पाठवलं. दोष चेनचा नाही, वापरणाऱ्याचा.

“अरे, तो तिथे आहे, तू इथे आहेस,” मी म्हटलं.

“व्हिबेके, चेन कुठेही गेली तरी चेनच असते.”

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? मी कॉफी ओतली आणि माझ्या टेबलाशी परत गेले.

पाच आठवड्यांनी येप्पे रस्त्यातल्या स्फोटात गेला. तेवीस वर्षांचा होता. बातमी आली तेव्हा एगोनने ड्रॉवरमधून त्या फॉर्मची प्रत काढली, वाचली आणि पुन्हा ठेवली.

माणूस गेला की त्याचे कपडे आणि वस्तू आईकडे जातात, सरकारी माल आमच्याकडे राहतो. येप्पेचं गाठोडं शुक्रवारी आलं. शनिवारी सुट्टी असूनही एगोन आला. सगळे कपडे त्याने स्वतः, हाताने, तीनदा धुतले. इस्त्री केली. बुटांच्या नाड्यासुद्धा धुवून वाळत घातल्या. मी दोन बटणं लावून दिली. आईच्या हातात मळकं कसं द्यायचं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. खोटं कशाला बोलू? सॅक मात्र आमच्याकडेच राहिली. तिच्या बाजूच्या खिशाची चेन काही केल्या उघडेना, म्हणून एगोनने तिच्यावर ‘बाद’ असा शिक्का मारला आणि मागच्या अंगणातल्या कंटेनरमध्ये टाकली. बाद माल दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी गाडी येऊन घेऊन जायची आणि मशीन त्याच्या चिंध्या करायचं.

दोन आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, एक बाई खोका घेऊन काउंटरवर आली. “मी येप्पेची आई, डॉर्ते,” ती म्हणाली. खोका तिने काउंटरवर ठेवला आणि उघडला. घडी तश्शीच होती.

“हे कोणी धुतलं?”

“मी,” एगोन ताठ उभा राहून म्हणाला. “तीनदा.”

“तीनदा,” ती म्हणाली. “साबणाच्या वासाशिवाय काहीच ठेवलं नाहीत हो.”

ती भांडायला आली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. तिच्या घरात म्हणे दाराबाहेर बूट काढल्याशिवाय कोणी आत येत नसे. येप्पे फोनवर सांगायचा, आई, इथली धूळ कानात, दातांत, सगळीकडे. ती म्हणायची, ती घाण घेऊन माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते. शेवटच्या फोनवरही तेच बोलली होती.

“चिमूटभर तरी असेल म्हणून दोन आठवडे शोधतेय,” ती म्हणाली. “खिसे उलटे केले. शिवण उसवली. काही राहिलंय का हो तुमच्याकडे?”

“आम्ही काही राहू देत नाही,” एगोन म्हणाला. एकतीस वर्षं हे वाक्य तो छाती फुगवून बोलत आला होता. त्या दिवशी ते तो खोक्याकडे बघत बोलला.

ती खोका उचलून गेली. एगोनने हातातला पांढरा मोजा काउंटरवर टाकला आणि एकदम म्हणाला, “व्हिबेके, उद्या महिन्याचा शेवटचा गुरुवार!”

मागे जाऊन बघते तर हा बाबा कंटेनरमध्ये उतरलेला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, दोनशे बाद सॅकांच्या ढिगात कमरेपर्यंत, एकेक पट्टा ओढून नंबर वाचतोय. धूळ डोक्यात, मिशीत, चष्म्यावर. आयुष्यात पहिल्यांदा वाळवंट त्याच्या अंगाला लागलं. तासाभराने सॅक मिळाली. खिसा अजून घट्ट बंद होता.

बाद असला तरी माल सरकारी. बाहेर नेणं म्हणजे चोरी. या माणसाने कधी पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती. रिकाम्या सॅकची घडी करून त्याने कोटाखाली घातली आणि मान ताठ करून फाटकाकडे चालू लागला. मी मागे, गाडीच्या किल्ल्या घेऊन.

“काय एगोन, पोट सुटलं की!” पहारेकरी म्हणाला.

“ख्रिसमसचं जेवण,” एगोन म्हणाला. मार्च महिना चालू होता.

डॉर्तेच्या दारात आम्ही बूट काढले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने पांढरा टेबलक्लॉथ अंथरला. एगोनने सॅक ठेवली, पक्कड काढली आणि चेनशी झटायला लागला. कपाळावर घाम आला त्याच्या. एकदाची चेन कडकन तुटली आणि आतून एक चुरगळलेली कागदी पिशवी, चार-पाच काळ्या गोळ्या आणि दोन चमचे फुफाटा टेबलावर सांडला. पिठाच्या रंगाचा. मला तर रडूच फुटलं.

“त्याने लिहिलं होतं मला,” एगोन खाली बघत म्हणाला. “मेण लावू नका, चेन अडकते. मी ऐकलं नाही. उलट त्यालाच बोल लावला.”

डॉर्तेने बोटाने ती धूळ हळूच गोळा केली.

“बरं झालं बाबा, नाही ऐकलंस,” ती म्हणाली.

थोडी धूळ टेबलाच्या कडेवरून खाली, त्या लख्ख फरशीवर पडली. एगोनने सवयीने खिशातून रुमाल काढला आणि तो वाकला.

“पुसलंस तर बघ!” डॉर्ते कडाडली.

एगोनने रुमाल खिशात घातला. ती कॉफी ठेवायला उठली, आणि तो मोजे घातलेले पाय फाकवून, त्या धुळीला धक्का लागू न देता खुर्चीवर बसून राहिला.