बसला का?

दयारामभाऊ आयुष्यभर उभे राहिले. एसटीत कंडक्टर होते. "सरका, सरका, अजून एक बसते" म्हणत त्यांनी तिघांच्या बाकावर चौघं बसवले आणि स्वतः दांडीला धरून उभे राहिले. मी टेलर, माझं आयुष्य मशीनपुढं बसून गेलं. धाड गावात त्यांच्या घराला लागूनच माझं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा खोकला मला ऐकू येतो आणि माझी खडखड त्यांना. ते रिटायर झाले तेव्हा मी म्हटलं, "आता तरी टेका बूड." ते म्हणाले, "आता काय टेलर, बसणंच बसणं हाय."

पण बसायचं कुणाबरोबर? बायको, महामायावहिनी, आधीच गेल्या होत्या. एकुलता एक अश्वजित पुण्यात. नोकरी लागल्यावर त्यानं बापासाठी कॉम्प्युटर आणून समोरच्या खोलीत मांडला, वर कॅमेरा बसवला. रविवारी सकाळी दयारामभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून त्याच्यापुढं बसत. तिकडे अश्वजित त्याच्या कॉम्प्युटरपुढं. आमच्याकडे घरी आलेल्याला आधी "बसा" म्हणतात. उभ्या उभ्या येऊन गेला तो आला असं कुणी धरत नाही. म्हणून दयारामभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला, "बसला का?" आणि उत्तरही ठरलेलं, "हाव बाबा, बसलो." मग काकांच्या पोरीचं लग्न, कपाशी, कुणाचं भांडण. कधी कधी तर दोघं काहीच न बोलता चहा पीत. एक कप धाडमध्ये, एक पुण्यात. ते यंत्र उचलून कुठं नेता येत नव्हतं, म्हणून दोघांना एका जागी बसणं भाग होतं. मला तर ती त्याची फार मोठी सोय वाटायची.

पुढे मोबाइल आले. पुण्यातला कॉम्प्युटर गेला, इकडचा बिघडला तो बिघडलाच. अश्वजितनं बापालाही मोबाइल आणून दिला. "आता कुठूनही बोलता येते बाबा," असं सांगून गेला, आणि खरंच कुठूनही बोलू लागला. जिना उतरताना, गाडी काढताना, भाजी घेताना. पडद्यावर कधी हनुवटी दिसे, कधी नुसतं छत.

"बसला का?"

"नाही बाबा, चालता चालता बोलून राह्यलो. बोला ना."

चालत्या माणसाशी काय बोलायचं? "काही नाही, सहज," म्हणून दयारामभाऊ फोन ठेवत. मला भिंतीपलीकडून राग यायचा. हळूहळू त्यांनी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं.

मोबाइल मात्र ते कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवत, स्टीलच्या गिलासाला टेकवून, चार्जरची वायर लावून. खिशात कधी घातला नाही. मी चिडवायचो, "त्याले काय खुंट्याले बांधून ठेवलं?" तर म्हणायचे, "आपल्या जागी बरा हाय. उद्या पोराचा फोन आला, तं तो मले कुठं कुठं शोधन?"

यंदाच्या आषाढ पौर्णिमेला अश्वजित म्हणाला होता, "जमलं तं येतो." दुपारी दयारामभाऊ खिरीचा डबा घेऊन विहारात निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला. भिंतीतून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, बसलो मी."

"बसला? बरं बरं. येतो मी स्टँडवर."

फोन ठेवला, कुलूप लावलं आणि गेलेसुद्धा. जन्म गाडीत काढलेला माणूस. "बसलो" म्हटल्यावर त्यांना गाडीच दिसली.

मग तो फोन बंद घरात वाजू लागला. थांबे आणि पुन्हा वाजे. मला काम सुचेना. दिवस कलला तेव्हा माझाच फोन वाजला.

"काका, बाबा कुठं हायत? मी दुपारपासून फोन लावून राह्यलो."

"ते तुले घ्यायले गेले. तू कुठं आहे?"

"खोलीवरच. सुट्टी नाही भेटली. म्हणून म्हटलं, आज तरी बाबाशी बसून बोलावं. खुर्ची मांडली, चहा केला, फोन टेबलावर उभा केला. तं व्हिडिओ चालू कराच्या आधीच बाबा म्हणे स्टँडवर येतो. कोणत्या स्टँडवर, काका?" मग म्हणाला, "आता रातच्या ड्यूटीवर निघा लागते."

मी स्टँडवर गेलो. बाकं रिकामी होती आणि दयारामभाऊ खांबाजवळ उभे. संभाजीनगरकडून आलेल्या पुण्याच्या गाडीच्या दाराकडे बघत होते. शेवटचा माणूस उतरल्यावर मी जवळ गेलो.

"तो गाडीत नाही बसला, दयारामभाऊ. खुर्चीत बसला होता. तुमच्याशी बोलाले."

त्यांना समजायला वेळ लागला. "खुर्चीत?"

"हाव. चहा घेऊन."

"लय वेळ बसला?"

"दुपारभर फोन वाजत होता तुमचा."

"म्हणजे दुपारभर बसला होता तो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. मी गाडीच्या पाटीकडे बघत राहिलो.

घरी येऊन त्यांनी मला वाटीत खीर वाढली. मी म्हटलं, "लावा ना आता फोन."

"राहू द्या. आता चालत असन तो."

त्यांनी खुर्ची टेबलापुढं ओढली, गळ्याचं बटण लावलं आणि गिलासाला टेकलेल्या त्या काळ्या पडद्यासमोर बसले. मी वाटी ठेवून निघालो. दारात चप्पल घालत होतो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"हाव, बसलो."