टप नसलेली दमणी

आमच्या घरी शेतीच्या तीन गाड्या होत्या. पण नुसते बसून कुठे फिरायला जावे अशी एकही नव्हती. तशी एक दमणी घ्यावी, असे माझ्या बायकोने एका उन्हाळ्याच्या सुटीत सुचवले. ती वारली त्याला आता चार महिने झाले. त्या दमणीच्या निवडीत आम्ही घालवलेले दिवस आठवले की अजूनही जीव चडफडतो; थोरल्या भावावर, आणि त्याहून अधिक स्वतःवर.

तिची मागणी साधी होती. चोपड्याजवळच्या आमच्या गावाहून उनपदेवच्या गरम झऱ्यावर जायचे आणि जाताना रस्ता दिसायला हवा. लग्न होऊन ती आली तीच टपाच्या, पडदे सोडलेल्या गाडीतून. पुढचे सगळे जाणे-येणेही तसेच. सातपुडा हाकेवर, पण तिला गाडीतून दिसे तो मागे राहिलेला धुरळा. टप नको, एवढेच तिने मला सांगितले होते. मी जळगावच्या शाळेत मास्तर. घरचे व्यवहार भाऊ बघत. त्यांना हे एक वाक्य मी सांगायचे होते.

ते सांगायला मला तीन गावे लागली. चोपड्याच्या सुताराकडे भाऊंनी चाकाच्या लोखंडी धावेवर दगड वाजवून पाहिला; चाके उत्तम निघाली, पण टप बसका म्हणून दमणी नापसंत. सोनगीरला एका पाहुण्यांची जुनी दमणी होती. तिचा टप उंच, तर जू आमच्या बैलांना ठेंगणे. धुळ्यात हौशी लोकांना मोटारीचे वेड लागले होते, म्हणून तिथे चांगल्या दमण्या विकायला निघाल्या होत्या. भाऊ दिवसभर एकेका आसाखाली डोके घालून बसले. तिन्ही गावी ते हाकणाऱ्याच्या जागेवर चढून बघत. आत कोणी बसले नाही. जिच्यासाठी गाडी घ्यायची ती घरी भाकरी थापत होती. तिला बरोबर आणावे, हे मलाही सुचले नाही, आणि मी घरातला शिकलेला.

शेवटी धुळ्यातली एक पक्की झाली. टपाला आतून लाल खारव्याचे अस्तर, बाहेर झालर. तेव्हा कुठे मी तोंड उघडले आणि टप उतरवून द्यायला सांगितले. भाऊंनी आधी विकणाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाईमानूस गाडीमा देखाले बसस का, मास्तर?"

हो, देखालेच, असे मी म्हणालो. विकणारा हसला. टप काढला तर बठ्ठं गाव हसेल, लहानथोर सगळं, असे भाऊंनी बजावले. वर, आपण हाकणार नाही आणि गडीही देणार नाही, असेही सांगितले. मी बरे म्हटले. त्यांना वाटले, मी माघार घेतली. मी टप उतरवून घेतला.

पुढच्या सोमवारी मी आणि बायको दोघेच उनपदेवला निघालो. मला बैल हाकता येत नव्हते. गावाबाहेर पडताच त्यांनी आमच्या शेताची वाट धरली आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. मी कासरा ओढला, चुचकारले, शिव्या दिल्या, त्याही पुस्तकी. वाटेने जाणाऱ्या एकाने शेपटी पिळायला सांगितले. पिळली, तर डावा बैल खाली बसला. घामाने सदरा भिजला. चल घरी, उद्या भाऊंच्या पाया पडतो, असे मी तिला वैतागून म्हणालो.

ती डोक्यावरचा पदर सावरून उत्तरेकडे, सातपुड्याकडे तोंड करून बसली होती. "राहू द्या त्यास्ले," ती म्हणाली. "मी देखस ना."

उनपदेवला आम्ही त्या दिवशी पोचलो नाही. ऊन कलेपर्यंत गाडी तिथेच उभी होती. ती बोट दाखवून हा डोंगर कोणता, तो कोणता, असे विचारत राहिली, आणि मला त्यातल्या एकाचेही नाव येत नव्हते.