कोंबडीच्या पायावरचे खवले

आजवर कुणाला बोललो नाही ते सांगतो. चर्चमध्ये भर उपासनेत मी लेकीसाठी प्रार्थनेची विनंती केली, तेव्हा माझ्या मनात नुसता राग होता.

आज अंगणात कोंबडी एका पायावर उभी होती. दुसरा पाय तिने पोटाशी धरला होता आणि त्यावरचे खवले उन्हात सरड्याच्या पाठीसारखे दिसत होते. अशाच एका कोंबडीकडे बघून सुवार्ता, माझी कॉलेजात शिकणारी मुलगी, हसत म्हणाली होती, "पप्पा, ही तर डायनासोरची पणती!"

"देवाने पाखरं पाचव्या दिवशी केली, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. पणजोबाच्या आधी पणती जन्मते होय गं?"

"मग तिच्या पायांना खवले कशाला लावले त्याने?"

रविवारी मी उभा राहून म्हणालो, "माझी सुवार्ता विश्वासापासून ढळली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या तिनेही घातली.

देवाने पाखरू पाखरूच घडवलं, हे मी आजही मानतो. एकाच शिंप्याचा टाका दोन कपड्यांवर सारखा दिसावा, तसे ते खवले मला वाटतात. इतकंच तर सांगायचं होतं. तिच्या प्रश्नाने देवाचं काय बिघडणार होतं? त्या रागाआड घाबरलो होतो मी, आणि ती भीती त्याच्या नावावर खपवली. सुवार्ता अजून घरी येते, जेवते, पण मला काही विचारत नाही.

तिथेच चर्चमध्ये, सगळ्यांदेखत उभं राहून मला तिची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.