लघवीतले बुडबुडे

मैत्रिणींनो, आपल्या लॅब-कोर्सच्या बॅचची फिरती वही टपालाने आज माझ्याकडे आली, आणि आजच लिहिण्यासारखं घडलं.

सकाळी आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये पारूमावशी आल्या. जुना मधुमेह, सांध्यांसाठी सहा महिने स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकारशक्ती कमीच. लघवी आणली होती कोकम सरबताच्या बाटलीत. तिच्यात बुडबुडे, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट, म्हणजे साखर आंबवून वायू करणारी बुरशी.

"कोकम आंबलंय. फेकून दे," आमच्या लॅबचे डॉक्टर म्हणाले.

मावशी हळूच मला म्हणाल्या, "बाय, मुतताना वारा पण जातो. सांगितलं तर सून हसते गो."

मी हसले नाही. निर्जंतुक बाटलीत नवा नमुना घेतला. तेच बुडबुडे, तेच यीस्ट; म्हणजे आंबणं बाटलीत नव्हे, मावशींच्या साखर उतरलेल्या लघवीत, आतच चाललं होतं. रिपोर्टवर लिहिलं: मूत्राशयात वायूची शक्यता, एक्स-रे घ्यावा.

"तू टेक्निशियन आहेस. ही ओळ खोड," डॉक्टर म्हणाले.

"नाही, सर. नमुना मी तपासलाय, सही माझी आहे."

चिडून त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. मूत्राशयाच्या भिंतीत वायूचं काळं कडं स्पष्ट दिसलं. मावशींना लगेच रुग्णालयात दाखल केलं. धोका अजून टळलेला नाही.

डॉक्टरांचं न ऐकल्याबद्दल उद्या मला मेमो मिळणार, असं लॅबमध्ये म्हणतात. मिळू दे. डॉक्टरांनी सांगितल्यावर तुमच्यापैकी कितीजणींनी अशी ओळ खोडली आहे? वहीत खरं लिहा.